आधी आवाज, मग हात

आक्का, तू मला फसवलंस.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं म्हणतात. मला ते जमायचं नाही. सारी हयात गुरांच्या बाजारात गेली. जनावराची खोड मालकाच्या तोंडावर सांगायची, कौतुक नंतर, ही माझी रीत. तेव्हा खोड आधी. आपल्यात बोली झाली होती. गोठ्यात नवं जनावर वाढवायचं नाही. मोरी गाय म्हातारी झालीय, ती तिच्या वेळेला जाईल. तिची कालवड बाळी चांगलं घर बघून देऊन टाकायची. शेवटचं दावं सुटलं की गोठ्याचं दार ओढून घ्यायचं. खळ्यात उभी राहून, हातातलं सूप खाली न ठेवता, तू 'होय' म्हणाली होतीस. आणि माझ्या पाठीमागे बाळीला गाभण करून घेतलंस. पुढे महिनोन् महिने तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस, आणि गौरी-गणपती होऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर स्वतः निघून गेलीस.

गाभण गाय माझ्या गळ्यात बांधून. मला गुरांची भीती वाटते हे जगात एकट्या तुला ठाऊक असताना.

हे छापून आलं की लोक हसतील. घाटावरच्या बाजारापासून सावर्ड्यापर्यंत मला ओळखणारे पुष्कळ आहेत. बाबू हेडी. गुरांची दलाली करणाऱ्याला हेडी म्हणतात, आणि या हेड्याची ख्याती अशी की तो जनावराला हात लावत नाही. दहा पावलांवर उभा राहतो, डोळे बारीक करतो आणि वय, खोड, कष्ट, सगळं सांगतो. एकदा एकाने भर बाजारात टोमणा मारला होता, "काय ओ बाबूशेट, हात तरी लावा बैलाला, का सोवळ्यात हाय?" मी म्हटलं, "मी हात लावला तर बैलाची किंमत वाढेल आणि तुझी कमी होईल. मागे हो." सगळे हसले. तूही हसलीस, पदर तोंडाला लावून. कारण त्याच वेळी माझ्या डाव्या मांडीतला तो जुना खड्डा ठणकत होता, आणि मी दहाच्या ऐवजी बारा पावलं मागे सरलो होतो. ते फक्त तू मोजलंस.

मी सात वर्षांचा, तू अकराची. आपला खैऱ्या, तांबडा, खांद्याने उंच, बाबांचा लाडका बैल. त्याला उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं. बाबांनी सांगितलं, त्याला पऱ्यावर, ओढ्यावर, पाण्याला न्या. तू पुढे होऊन फाटकाची काठी काढत होतीस, मी त्याला सोडायला गेलो. उजवीकडून. त्यापुढचं मला नीट आठवत नाही. खालची जमीन एकदम लांब गेली, गोठ्याचं कौल एकदम जवळ आलं, आणि कानात त्याचा श्वास, गरम, ओला, भात्यासारखा. तो श्वास अजून कधीकधी ऐकू येतो. तू वेसणीला लोंबकळलीस म्हणून मी वाचलो, असं आई सांगायची. तू काय सांगायचीस?

"मी बजावलं होतं ह्याला. डावीकडून जा. आधी आवाज दे, मग हात लाव."

"काही सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं होतं रे मेल्या. तुझं लक्ष कुठे होतं देवाला ठाऊक."

पन्नासपेक्षा जास्त वर्षं हे भांडण आपण चालवलं. सणावाराला, जेवताना, तुझ्या नवऱ्याचे दिवस झाल्यावर तू कायमची माहेरी आलीस त्या दिवशीसुद्धा. माणसं सांत्वनाला बसली होती, मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आक्का, काळजी करू नको, मी आहे." तू रडता रडता म्हणालीस, "तू काय आहेस, तुला तर बैल सोडता येत नाय." लोकांना वाटलं दुःखाने डोकं फिरलंय. मला बरं वाटलं. म्हटलं, बहीण शाबूत आहे.

धंदा मी भीतीवर उभा केला आणि तो तुझ्या हाताने केला. तू डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन बाजाराला यायचीस. भावाला जेवण घेऊन आली बिचारी, असं सगळे समजायचे. येता येता तू मी सांगितलेल्या बैलापाशी थांबायचीस, त्याच्याशी बोलायचीस, गळ्याखाली खाजवायचीस, आणि बोलण्याच्या ओघात तोंड उघडून दात बघून घ्यायचीस. मग माझ्याजवळ येऊन बसायचीस. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत, टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. तसा आपला हात तुझ्या पदराखाली. दोन बोटं दाबलीस की दोन दाती, म्हणजे कोवळं जनावर. चार बोटं, चार दाती. तळव्याला नख लावलंस की खोड आहे, सोडून दे. मग मी उठायचो, डोळे बारीक करायचो आणि आकाशवाणी झाल्यासारखं सांगायचो, "दोन दाती आहे. पण मागचा उजवा पाय चोरतो." मालक गार.

"मेल्या," तू एकदा म्हणालीस, "तुझ्या भीतीवर घराला चिरे लागले. तिला नावं ठेवू नको."

मला गुरं आवडत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. फार आवडतात. मी त्यांच्याकडे ओटीवरून बघत आलो. सकाळी तू गोठ्याची काठी सरकवायचीस, आधी मोरी, मागून बाळी उड्या मारत, आणि शेवटी तू, पदर खोचलेला. पऱ्याच्या काठाने तुमची रांग जायची. उंबराला फळं धरली की ककणेर यायचे, ती एवढी मोठी चोच घेऊन. त्यांच्या पंखांचा आवाज झाला की बाळी थांबून वर बघायची. गाय पक्ष्याकडे बघते हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. सुट्टीला आमचा मुलगा संदेश जयगडच्या बंदरावरच्या नोकरीवरून यायचा, तुम्ही सगळे खळ्यात बसायचात, काकड्या चिरल्या जायच्या, सालं बाळीला. माझी बायको मंदा म्हणायची, "वन्सं, तिला लाडावताय, उद्या पानात तोंड घालील." तू म्हणायचीस, "घालूदे. ह्या घरात पानात तोंड घालणारे कमी आहेत काय?" आणि माझ्याकडे बघायचीस. मी ओटीच्या पायरीवरून ओरडायचो, हसायचो, पण खाली उतरायचो नाही. मधे पंधरा पावलांचं अंगण. ते मी कधी ओलांडलं नाही. माझ्याच घरातला गोठा आतून कसा दिसतो हे मी विसरलो होतो.

आणि तिथेच तू मला गाठलंस.

गोठा रिकामा करायचं मी का म्हणत होतो, तुला माहीत होतं. तुला दम लागत होता. मंदाचे गुडघे गेले होते. आज ना उद्या कोणीतरी मला म्हणेल, तुम्ही बघा की गुरांचं, एवढे जाणकार. त्या एका वाक्याची धास्ती मला कितीतरी वर्षं आहे. म्हणून म्हटलं, सगळं काढून टाकू, रत्नागिरीला एक लहानसा ब्लॉक घेऊ. तू म्हणालीस, "गोठा रिकामा झाला की वर्षभरात घराला कुलूप लागतं. सात घरं बघितलीत मी वाडीतली." मी चिडलो. मी चिडलो की काय बोलतो ते लिहिण्यासारखं नसतं. तू सूप पाखडत राहिलीस, आणि शेवटी म्हणालीस, "होय." मला वाटलं जिंकलो.

पावसाळ्यात बाळी बाहेर दिसेना. मी विचारलं. तू म्हणालीस, पाय चिखलात रुततो, मागच्या दाराने नेते. एकदा गोठ्याच्या झावळ्यांच्या झापातल्या फटीतून तिचं पोट दिसलं. मी म्हटलं, "फार सुटलंय गो." तू म्हणालीस, "हिरवं खाऊन फुगलंय." हजारो जनावरं नजरेने तोलणारा मी, माझ्या अंगणापलीकडची गाय गाभण आहे हे मला दिसलं नाही. हे ज्या दिवशी बाजारात कळेल त्या दिवशी माझी दलाली संपली.

दवाखान्यातली शेवटची दुपार मी टाळत होतो. पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

रत्नागिरीचा तो दवाखाना. तुझ्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, बोलता येत नव्हतं. मंदा बाहेर औषधं आणायला गेली होती. तू डोळ्यांनी मला जवळ बोलावलंस आणि चादरीखाली माझा हात धरलास. आणि दोन बोटं दाबलीस. मी बघत राहिलो. पुन्हा दाबलीस, जोर लावून. दोन.

दोन दाती.

कळलं होतं मला. मला तेव्हाच कळलं की तू कुठल्यातरी कोवळ्या जनावराचं काहीतरी सांगतेयस, आणि आपल्या गोठ्यात दोन दाती एकटी बाळी होती. आणि मी म्हटलं, "मरायला टेकलीस तरी गुरंच का गो तुझ्या डोक्यात?" मोठ्याने. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. आणि मी हात ओढून घेतला.

टॉवेलाखालून हात ओढून घेतला की बाजारात त्याचा एकच अर्थ होतो: सौदा मोडला. तुझ्या डोळ्यांत तो अर्थ उमटलेला मी पाहिला.

राग नव्हता, आक्का. तुझा हात गार लागला, म्हणून मी घाबरलो. पण माझी भीती बाहेर येताना नेहमी रागाचे कपडे घालून येते, हे तुला माहीत होतं. होतं ना?

दहाव्याला पऱ्याच्या काठी पिंड ठेवला. मी तयारीने गेलो होतो. कावळा लवकर शिवणार नाही, मग गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यावा लागतो. मी मनात यादी करून ठेवली होती, कुठून सुरुवात करायची, कुठपर्यंत ताणायचं. आणि आम्ही नीट मागेसुद्धा सरलो नव्हतो तोवर कावळा आला आणि शिवला. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, काही इच्छा उरली नव्हती. मला मात्र ते पटलं नाही. घासाघीस न करता उठून जाणारं गिऱ्हाईक मी ओळखतो. त्याचा सौदा दुसरीकडे पक्का झालेला असतो.

तो कोणाशी झाला होता हे तेराव्यानंतर कळलं. सूनबाई ओटीवर आली. प्राजक्ता. रत्नागिरीत वाढलेली, लग्न होऊन आली तेव्हा शेणाला नाक धरणारी. संदेशने जयगडला भाड्याची खोली बघितली होती, तर ही म्हणाली, मला इथेच राहायचंय. मी समजत होतो, पोर भिडस्त आहे.

"बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावणार. सांग."

"बाळी गाभण आहे. नववा महिना लागलाय. मी आणि आत्यांनी मिळून गुरांच्या दवाखान्यातला माणूस बोलावला होता. तुम्ही बाजाराला गेला होतात."

मी काय काय बोललो ते तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या एका शेतकऱ्याला बोलावलं, चांगला माणूस, गायीला जपला असता. तो टेम्पो घेऊन आला. प्राजक्ता गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"आत्यांनी मला दिलीय."

"कागद आहे का?"

"शब्द आहे."

"शब्द दाखव."

"तुम्ही दाखवा तुमचा. खळ्यात आत्यांनी 'होय' म्हटलं, त्याचा."

शेतकरी माझ्याकडे बघून हसला. "बाबूशेट, तुमच्यापेक्षा तिखट हाय," म्हणाला आणि चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. मी तिला म्हटलं, "एकटीला झेपणार आहे का तुला? पहिलटकरीण आहे गाय, उद्या आडलीबिडली तर?"

ती म्हणाली, "तुम्ही आहात की."

ते वाक्य. इतकी वर्षं ज्याच्या वाटेतून मी बाजूला होत आलो, ते शेवटी माझ्या ओटीवर येऊन उभं राहिलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले तुला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. गोठ्यातून शिंग खांबाला घासल्याचा आवाज आला की मी हातातला कप तसाच ठेवून घरात जायचो. बाळी हंबरली की मी उगाच रेडिओ मोठा करायचो. वरच्या वाडीत बिबट्याने वासरू नेल्याचं कळलं, तर पहिला विचार आला, इथेही येऊन घेऊन जावं एकदाचं. आणि मग त्या विचाराचीच भीती वाटली. तुझी गाय. ककणेराकडे बघणारी.

आडली. मी बोललो तसंच झालं. संदेश मंदाला गुडघे दाखवायला रत्नागिरीला घेऊन गेला होता. सकाळचे अकरा. भातकापणी सुरू, वाडीत चिटपाखरू नाही. प्राजक्ता धावत अंगणात आली.

"बाबा, पाण्याची पिशवी फुटून वेळ झाला. एकच पाय दिसतोय. डॉक्टर दुसऱ्या गावात आहेत, दोन तास लागतील म्हणाले."

दोन तासांत वासरू जातं. कदाचित गायही. मला हे सगळं पाठ आहे, शेकडो लोकांना मी सल्ले दिलेत. मी ओटीवरूनच ओरडत राहिलो, "हात धू. साबण लाव. आत घाल, दुसरा पाय गुडघ्यात दुमडला असेल. वासराला मागे ढकल, मग पाय सरळ कर." आतून धडधड ऐकू आली. बाळी उठली होती, शिंग खांबावर आपटत होतं. प्राजक्ता दारात आली, कोपरापर्यंत भरलेली, घामाने डबडबलेली.

"पोचत नाही माझा हात. तुमचा लांब आहे."

मी चपला घातल्या. हे तुला सांगणं भाग आहे. डॉक्टरला वाटेत गाठून आणतो असं म्हणून मी फाटकाकडे गेलो. पळून चाललो होतो मी. फाटकाची काठी हातात धरली. तीच जागा, जिथे खैऱ्याच्या त्या दिवशी तू उभी होतीस. पलीकडे लांब भाताच्या खाचरात माणसांची डोकी दिसत होती, हाक पोचली नसती. मांडीतला खड्डा असा ठणकत होता की जणू शिंग अजून आतच आहे. आणि मागून बाळीने आवाज काढला. हंबरणं नव्हतं ते. तुझ्या मुखवट्यातून शेवटी शेवटी जसा यायचा तसा.

मी परत फिरलो. धीर आला म्हणून नाही. दोन्हीकडे भीतीच होती, मागची जास्त झाली.

दारात उभा राहिलो. अंधार, शेणाचा उबारा, आणि त्या अंधारात तिचा तो श्वास. गरम, भात्यासारखा. मग पाय आपोआप डावीकडे वळले. आवाज द्यायचा होता. मला गुरांशी बोलायचा आवाजच नाही, आक्का. मला एकच आवाज येतो, बाजारातला. तोच निघाला, "ए, सरक तिकडे, तुझ्या मालकाच्या..." आणि मी थांबलो, कारण तिची मालकीण तू. मग तुझे शब्द आठवले. "हां बाय. हां. काही नाही गो." माझाच आवाज मला ओळखू आला नाही. बाळीने कान वळवला.

मी हात ठेवला. तिची कातडी थरारली, माझीही. मला वाटलं होतं दगडासारखं काही लागेल. उबदार होती. तीही घाबरलेली होती, हे हाताला कळलं; दहा पावलांवरून ते कधी कळलं नव्हतं.

पुढचं सगळं वर्णन करत नाही. हात आत घातला, वासरू मागे रेटलं, दुमडलेला गुडघा सापडला. गाईच्या आत इजा होऊ नये म्हणून खूर मुठीत धरून पुढे ओढला. दुसरा पायही बाहेर आला तेव्हा माझा खांदा बधिर झाला होता. "आता ती कळ देईल तेव्हाच ओढ, खालच्या अंगाला," मी म्हटलं, आणि आम्ही दोघांनी ओढलं. डोकं आलं, आणि मग एकदम सगळंच, आमच्या पायांवर. हलत नव्हतं. प्राजक्ता पेंढ्याने चोळत होती, मी एक काडी त्याच्या नाकपुडीत घातली, आणि ते शिंकलं. प्राजक्ता रडत हसायला लागली.

"पाडा आहे, बाबा."

पाडा. तांबडा. नांगराला आता पॉवर टिलर, बैल कोणाला हवाय? फसवणुकीवर फसवणूक. असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात बाळी वळली. तिचं शिंग माझ्या कानाजवळून गेलं, आणि ती वासराला चाटू लागली, आणि वासराबरोबर माझा हातही, कोपरापर्यंत, त्या खरखरीत जिभेने.

मी ओरडलो. मोठ्याने.

"घाबरलात?"

"घाबरलो," मी म्हणालो. तुझ्याशिवाय हा शब्द मी आजवर कोणापुढे काढलेला नाही.

प्राजक्ता पेंढा गोळा करत म्हणाली, "आत्या म्हणाल्या होत्या. तो घाबरतो, पण बोलू नको कोणाजवळ."

म्हणजे तेही तू सांगून ठेवलं होतंस. आणि तरी ती ओटीवर येऊन म्हणाली होती, तुम्ही आहात की.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. रोज सकाळी ते पंधरा पावलांचं अंगण ओलांडताना मी एकेक पाऊल मोजतो. पाड्याच्या कपाळाला अजून काही नाही, पण बोट लावलं की दोन गाठी लागतात. दोन वर्षांनी तिथे काय असेल ते मला चांगलं ठाऊक आहे. रात्रीचं जेवण होताना मला उद्याच्या सकाळची धास्ती वाटते, आणि सकाळी मी जातो. काकडीची सालं घेऊन.

पण एक हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. दवाखान्यात तू मला सांगत होतीस. दोनदा सांगितलंस, आणि मी हात ओढून घेतला. कालपर्यंत मला कोणी विचारलं असतं, तर मी छातीवर हात ठेवून म्हटलं असतं की आक्काने मरेपर्यंत मला एक अक्षर सांगितलं नाही. वर सुरुवातीला म्हटलंच आहे. खोडायला हवं ते, पण मी खोडत नाही. लोकांना दिसू दे मी कसा आहे ते.

मग त्या दिवशी, मी सात वर्षांचा असताना? तू फाटकापाशी होतीस, तोंड माझ्याकडे होतं, ओठ हलत होते, एवढं मला गेले काही दिवस आठवायला लागलंय. खरंच आठवतंय की आता मन जोडतंय, कळत नाही. बाबा नाहीत, आई नाही, खैऱ्या नाही. साक्षीला उरलो मी एकटा, आणि माझ्या साक्षीवर आता माझाच भरवसा नाही. एवढ्या वर्षांचं भांडण तू असं अर्ध्यावर टाकून जाऊ शकत नाहीस. सांगितलं होतंस की नव्हतंस? याचा जबाब मला हवाय, आक्का, आणि तो तूच द्यायचास.

गोठ्यात आहे मी. डाव्या बाजूला. आधी आवाज दे.